घरात एकच गाडी, आणि तीही स्कायलाइन

दक्षिण ऑकलंडमधून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ३४, मूळचे सांगलीचे, सिव्हिल इंजिनिअर. चौदा महिन्यांपूर्वी त्यांनी एका खासगी मालकाकडून निसान स्कायलाइन आर-३४ जीटी-टी घेतली. गाडी १९९९ ची, दोन दारांची, पाच गिअरची मॅन्युअल. किंमत ४१,००० न्यूझीलंड डॉलर. शाळेत असताना मित्राच्या कॉम्प्युटरवर ही गाडी पळवायचे, तेव्हापासूनचं वेड. घेतल्यापासून दुरुस्तीला ९,३०० डॉलर गेले: टर्बो, क्लच, रेडिएटर आणि सहाच्या सहा इग्निशन कॉइल. पत्नीला सातवा महिना आहे. तिचं म्हणणं, ‘ही आपली गाडी नाही, तुझी आहे.’ मित्रांचं म्हणणं, ‘विकू नकोस, अमेरिकेमुळे भाव चढतोय.’ वडील एसटीचे निवृत्त चालक. त्यांना किंमत निम्मी सांगितली आहे. वाचक विचारतात: ठेवू की विकू? आता विकली तर घातलेला पैसा बुडाला, नाही का? आणि मामाची क्वालिस चार लाख किलोमीटर चालली, मग ही जपानी गाडी इतकी का बिघडते? जमलं तर एक दिवस ती सांगलीला न्यायचीही त्यांची इच्छा आहे. सोबत तीन फोटो आणि एक ता. क.: ‘गाडी सुरू केली की एक बाई जपानीत काहीतरी बोलते. पत्नी तिला सवत म्हणते. ती काय सांगते?’

नमस्कार,

सवतीकडे शेवटी येऊ. आधी एक काम करा, गाडी चालवणं थांबवा. आजपासून.

तुमच्या दुसऱ्या फोटोत बॉनेट उघडलेलं आहे आणि इंजिनाच्या पुढच्या कव्हरवर एक पिवळा पडलेला स्टिकर दिसतोय. वर जपानी अक्षरं, खाली बॉलपेनने तीन आकडे: २१, ६, १४. त्याखाली ८४,२१० किलोमीटर. पत्रात तुम्ही अगदी निश्चिंतपणे लिहिलंय, ‘टायमिंग बेल्ट २०२१ च्या जूनमध्ये बदललेला आहे, त्यामुळे तो खर्च सध्या नाही.’

ते २१ म्हणजे २०२१ नव्हे. जपानमध्ये गॅरेजच्या स्टिकरपासून सरकारी कागदापर्यंत बऱ्याच ठिकाणी सम्राटाच्या कारकिर्दीचं साल लिहितात. १९८९ च्या जानेवारीत हेइसेइ नावाचा कालखंड सुरू झाला आणि २०१९ च्या एप्रिलअखेर संपला. हेइसेइ सालात १९८८ मिळवले की आपलं साल निघतं. म्हणजे तुमचा बेल्ट जून २००९ चा आहे. आपल्याकडे जुन्या लग्नपत्रिकेवर ‘शके १९२१’ दिसलं की मनातल्या मनात ७८ मिळवायचे हे आजीने शिकवलेलं असतं. इथे शिकवायला कोणी नव्हतं, इतकंच. तरी एक खूण तुमच्या हातात होती. तुमच्याच कागदांप्रमाणे गाडी ऑकलंडला उतरली २०१० मध्ये. मग २०२१ साली तिच्यावर जपानी स्टिकर कोण चिकटवणार?

रनिंग आज १,४७,००० आहे. म्हणजे त्या बेल्टवर जेमतेम ६३,००० किलोमीटर झाले, आणि साधारण लाख किलोमीटरला बेल्ट बदलतात, म्हणून हिशेब बरोबर वाटतो. पण रबर किलोमीटरच्या जोडीने वर्षंही मोजतं. हा बेल्ट पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा ताल जुळवून ठेवतो, आणि या इंजिनात तो तुटला तर ते एकमेकांवर आदळतात. सहा सिलिंडर, चोवीस व्हॉल्व्ह. त्यानंतर ठेवू की विकू हा प्रश्न उरणारच नाही, कारण विकायला इंजिनच नसेल. मधल्या एखाद्या मालकाने इथे बेल्ट बदललाही असेल, पण बिल नसेल तर बदललेला नाही असंच धरायचं. गाडी टो-ट्रकवर घालून गॅरेजला न्या. बेल्टबरोबर टेन्शनर, आयडलर, वॉटर पंप आणि पुढची ऑइल सील एकदमच बदलून घ्या. मजुरी सगळ्याला मिळून एकदाच लागते. पंप वाचवला आणि आठ महिन्यांनी तो गळायला लागला, की तेच सगळं पुन्हा उघडायचं. मी हॅमिल्टनला पार्ट्सच्या काउंटरवर अकरा वर्षं उभी होते. नुसता बेल्ट नेलेली माणसं वॉटर पंपासाठी परत आलेली पाहिली आहेत. चेहरे अजून आठवतात.

आता तुमचा मामांच्या क्वालिसचा प्रश्न. तो मला आवडला, कारण आपल्यातल्या निम्म्या लोकांच्या मनात तोच असतो. ‘जपानी म्हणजे बिनघोर’ ही कीर्ती क्वालिससारख्या गाड्यांनी मिळवली. मोठं, संथ डिझेल इंजिन, ताण कमी, आणि पहिल्या दिवसापासून एकाच घरातली निगा. मामांना क्वालिसचं पहिलं ऑइल कधी बदललं तेही आठवत असेल. तुमच्या स्कायलाइनमध्ये अडीच लिटरचं टर्बो इंजिन आहे. त्या टर्बोचं एक चाक एक्झॉस्टच्या धगीत फिरतं, आणि कंपनीने ते चिनी मातीच्या जातीचं, सिरॅमिकचं केलेलं होतं, कारण हलकं असतं आणि लवकर वेग घेतं. मूळ दाबावर ते वर्षानुवर्षं टिकतं. मालकाने हौसेने दाब वाढवला की एक दिवस त्याचा चुरा होतो. तुमचा टर्बो गेला, त्यात गाडी जपानी असण्या-नसण्याचा संबंध नाही. कुणीतरी आधी मजा केली होती, तिचं बिल तुमच्या नावावर फाटलं.

जुनी स्पोर्ट्स कार घेणं म्हणजे अनोळखी माणसांच्या सवयी विकत घेणं. तुमच्याआधी जपानमध्ये दोन-तीन मालक, इथे तीन-चार. त्यातला कोण थंड इंजिन पिळायचा, कोण साधं पेट्रोल घालायचा, कुणी ऑइलचे पैसे वाचवून रिम घेतले, हे कुठल्याच कागदावर नसतं.

या गाड्या जपानने सोडल्या तरी कशाला, असं वाटत असेल. तिथे नव्या गाडीची पहिली सक्तीची तपासणी तीन वर्षांनी, पुढे दर दोन वर्षांनी. तिला शाकेन म्हणतात आणि ती स्वस्त नसते. तेरा वर्षं झाली की पेट्रोल गाडीचा वार्षिक करही चढतो. त्यामुळे चांगल्या चालत्या गाड्या लिलावात येतात. न्यूझीलंडमध्ये स्टिअरिंग उजवीकडे, १९९८ मध्ये गाड्यांवरचं आयातशुल्कही गेलं आणि त्याच वर्षी इथले गाड्या जुळवणारे शेवटचे कारखाने बंद झाले. मग जहाजंच्या जहाजं आली. तुमच्या गल्लीतल्या गाड्या मोजून पाहा, किती जणींच्या काचेवर अजून जपानी स्टिकर आहेत.

भावाचं म्हणाल, तर मित्र अर्धं खरं सांगताहेत. अमेरिकेत पंचवीस वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला तिथल्या सुरक्षा नियमांतून सूट मिळते, म्हणून १९९९ ची आर-३४ तिथे २०२४ पासून जाऊ लागली. पण तिकडच्या मथळ्यांतले आकडे जीटी-आरचे, म्हणजे स्कायलाइनच्या सगळ्यात वरच्या मॉडेलचे असतात, आणि त्यातही मूळ रूपातल्या, कागदपत्रं असलेल्या गाड्यांचे. तुमची जीटी-टी दोन दारांची मॅन्युअल आहे, ही जमेची बाजू. ‘इंजिन एकदा उघडलं होतं म्हणतात’ ही तुमच्या पत्रातली ओळ मात्र नाही. शिवाय भाव चढतोय म्हणताना कोणी त्या ९,३०० चा हिशेब लावत नाही. विम्याचाही नाही. कपाटातलं सोनं तेल पीत नाही आणि त्याच्या छताला गंज चढत नाही. गुंतवणूक करायची असेल तर घराच्या डिपॉझिटमध्ये करा. गाडी आवडते म्हणून ठेवा, आणि तसंच म्हणा. बायकोला ‘इन्व्हेस्टमेंट आहे’ असं सांगू नका. तिला ते पहिल्या दिवशीच कळलेलं आहे.

९,३०० डॉलर गेले, आता विकली तर बुडाले, हाही हिशेब मला पटत नाही. ते पैसे गेलेलेच आहेत, गाडी ठेवली तरी आणि विकली तरी. पण त्यांचा एक उपयोग आहे: काय झालंय आणि काय उरलंय ते कळतं. क्लच नवा आहे, पुढची काही वर्षं विसरा. रेडिएटर नवा. कॉइल सहाही नव्या, म्हणजे जोर लावला की अडखळणं गेलं असणार. उरलंय ते असं: बेल्ट, जुने रबरी होज (कूलंटचे आणि पेट्रोलचे), सस्पेन्शनचे बुश, आणि गंज.

गंज सगळ्यात महत्त्वाचा, कारण बाकी सगळं बोल्टने सुटतं. आर-३४ ला पुढच्या सस्पेन्शनच्या घुमटांवर, बॉनेटखाली जिथे पत्र्यांच्या सांध्यावर सीलंट लावलेलं असतं तिथे, आतून गंज धरण्याची खोड आहे. वरून रंग साबूत दिसतो. सीलंट फुगलंय का, नखाने दाबल्यावर कुरकुर करतंय का, ते पाहा. तुमच्या तिसऱ्या फोटोत डाव्या घुमटाच्या कडेला मला एक फुगवटा दिसतोय. कदाचित उजेडाचा खेळ असेल, पण पत्र्याचं काम करणाऱ्या माणसाला दाखवाच. तो घुमट गाडीच्या सांगाड्याचा भाग आहे. तिथे खाल्लेलं असेल तर वॉरंट ऑफ फिटनेस, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी असल्याचा इथला दाखला, मिळणार नाही, आणि वरून डेंटिंग-पेंटिंग करून ते झाकणंही धोक्याचं.

त्याच फोटोत उंची कमी-जास्त करता येणारं सस्पेन्शन दिसतंय. तुम्हीही लिहिलंय की मागच्या मालकाने बसवलं. असा बदल केला की इथे लो व्हॉल्यूम व्हेइकल सर्टिफिकेशन, म्हणजे बदललेली गाडी सुरक्षित असल्याचं प्रमाणपत्र, लागतं. ते झालं असेल तर बॉनेटखाली एक छोटी धातूची पट्टी रिव्हेटने ठोकलेली असते आणि तिच्यावर कोणते बदल मंजूर आहेत ते कोरलेलं असतं. तुमच्या फोटोत ती मला सापडली नाही. नसेल तर दोन प्रश्न येतात. एक, पुढच्या वॉरंटला तपासनीस बोट ठेवेल. दुसरा, विमा कंपनीला हा बदल सांगितलाय का? नसेल तर हप्ते भरूनही क्लेमच्या दिवशी हात वर होऊ शकतात. इथे गाडीचा विमा सक्तीचा नाही. अपघातात माणसाला इजा झाली तर ती एसीसी ही सरकारी संस्था बघते, पण तुम्ही कुणाच्या महागड्या गाडीला धडकलात तर भरपाई तुमच्या खिशातून. विमा घेताना ‘मार्केट व्हॅल्यू’ऐवजी ठरलेल्या रकमेचा घ्या. पंचवीस वर्षांच्या स्कायलाइनची मार्केट व्हॅल्यू काय, यावर नंतर वाद घालण्यात अर्थ नसतो.

आता तुमच्या पत्रातल्या त्या ओळीकडे, जी तुम्ही जाता जाता लिहून गेलात. ‘क्लच जड आहे म्हणून ती चालवत नाही, पण तशी तिला गरजही पडत नाही.’

मी ही ओळ तीनदा वाचली. दक्षिण ऑकलंडमध्ये, बस अर्ध्या तासाने, सातवा महिना, आणि गरज पडत नाही? भाजी आणायला, डॉक्टरकडे, मैत्रिणीकडे ती कशी जाते? तुम्ही सोडता तेव्हा. गाडी गॅरेजमध्ये असेल तर कशीच नाही. चार मोठ्या दुरुस्त्या म्हणजे निदान चार वेळा गाडी आठवडाभर उभी राहिली असणार. त्या गाडीत तुम्ही सोमवार ते शुक्रवार सदर्न मोटरवेच्या गर्दीत क्लच मारत बसता. गाडीसाठीही ती वाईट जागा आहे आणि तुमच्यासाठीही. गाडी तुमची एकट्याची आहे हे तुमच्या पत्नीचं म्हणणं मला रागातलं वाटत नाही. चौदा महिने तुमच्या घरात गाडी एका माणसाकडेच आहे, आणि ती तेच सांगतेय.

म्हणून तुमचा प्रश्न मी बदलते. स्कायलाइन ठेवायची का, हे दुसरं. घरात एकच गाडी आहे आणि ती पंचवीस वर्षांची दोन दारांची टर्बो आहे, हे पहिलं. सातव्या महिन्यात ते आधी सोडवायला हवं. एक साधी, पाच दारांची, ऑटोमॅटिक गाडी घ्या. होंडा फिट, टोयोटा विट्झ, माझदा डेमिओ, जी अंगणात बसेल ती. त्याही जपानहून सेकंड हँड आलेल्याच असतील, फक्त त्यांच्याशी कोणी मस्ती केलेली नसते. एवढंच बघा, की डेमिओ असो वा विट्झ, अलार्म किंवा इमोबिलायझर (मूळ चावीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारं यंत्र) हवाच. इथे चोरांना याच गाड्या सोप्या वाटतात.

बाळाच्या सीटचं आधीच बघून ठेवा. नवजात बाळाची मागे तोंड करून बसवायची कॅप्सूल बऱ्याच गाड्यांत सीटबेल्टने बसते. पुढे मोठ्या सीटला वरून एक पट्टा मागे आकड्याला बांधावा लागतो, आणि जपानहून आलेल्या जुन्या गाड्यांत तो आकडा बहुतेकदा बसवलेलाच नसतो. बसवून घेता येतो, पण कुठे आणि कसा हे बाळाच्या सीट बसवणाऱ्या प्रशिक्षित माणसाला विचारूनच. सातव्या वाढदिवसापर्यंत मुलाला मान्यताप्राप्त सीट लागते, असा इथला कायदा आहे. दोन दारांच्या गाडीत पुढची सीट मुडपून, वाकून, पाऊस मानेवर घेत बाळाला आत बसवायचं कसं असेल, ते डोळ्यांसमोर आणा. आमच्याकडे १९९१ ची टोयोटा एमआर२ होती. तिला तर मागची सीटच नव्हती. छताला काढता येणारे दोन काचेचे तुकडे, आणि त्यांचं रबर वाळलेलं. हॅमिल्टनच्या पावसात मी मांडीवर आंघोळीचा टॉवेल घेऊन बसायचे, आणि डावं वळण आलं की टॉवेल उजवीकडे सरकवायचे. थोरली झाली तेव्हा ह्यांनी गाडी विकली. घेणाऱ्याला गळतीचं सांगितलं नाही, याची मला अजून लाज वाटते. आणि विकल्यावर रडले ती मी, नवरा नाही.

तर ठेवायची का? माझं मत असं. बेल्टसाठी गाडी गॅरेजला जाईल तेव्हा तिथेच दोन गोष्टी करून घ्या. सहाही सिलिंडरची कॉम्प्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो त्याचं मोजमाप), आणि घुमटांची गंज-तपासणी. सहा आकडे एकमेकांच्या जवळ असले आणि पत्रा धड असला, तर गाडी ठेवा, पण दुसरी गाडी घरात आल्यावर, आणि नोकरीला रेल्वेने जाऊन. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल, किंवा घुमट खाल्लेला असेल, तर विका. बाळ येण्याच्या तोंडावर इंजिन उघडून बसू नका. इंजिन उघडलं की आठवड्याचे तीन महिने होतात, हे मी काउंटरच्या या बाजूने पाहिलंय. विकताना मात्र सगळं सांगून विका, स्टिकरचा घोळही. उगाच नाही सांगत.

ठेवलीत तर वर्षाची एक रक्कम दोघांनी मिळून ठरवा आणि वेगळ्या खात्यात टाका. ती संपली की गाडी उभी, पुढच्या वर्षापर्यंत. हे ऐकायला सोपं वाटतं, पण ऑक्टोबरमध्ये ऊन पडलं आणि कुणी हॅम्प्टन डाउन्सच्या ट्रॅक-डेचं (आपली गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर पळवायच्या दिवसाचं) विचारलं की अवघड जातं. पुकेकोहेचा ट्रॅक २०२३ मध्ये बंद झाल्यापासून ऑकलंडकरांची सगळी गर्दी तिकडेच असते. पहिल्या वर्षी जाऊ नका. आधी होज आणि बुश, मग हौस.

पेट्रोल ९८ ऑक्टेनचंच. जपानमध्ये या गाड्या तिथल्या उंच ऑक्टेनच्या पेट्रोलवर जुळवलेल्या असतात, ९१ घालून वाचवलेले पैसे पिस्टनमधून वसूल होतात. दर टाकीला डिपस्टिक काढून ऑइल बघा. सकाळी पाण्याचा काटा मध्यावर आला म्हणजे ऑइल गरम झालं असं नाही, त्याला आणखी काही मिनिटं लागतात, तोवर पाय हलका ठेवा. घर जवळ आलं की शेवटचे दोन-तीन किलोमीटर शांत चालवा, म्हणजे टर्बोमधलं ऑइल जागच्या जागी करपत नाही.

यातलं काहीही तुमच्या वडिलांना नवं वाटणार नाही. एसटीच्या ड्रायव्हरने सकाळी डेपोत पाणी, ऑइल, टायर बघितल्याशिवाय गाडी बाहेर काढल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. मी नाशिकची, आमच्या गल्लीत तीन ड्रायव्हर राहायचे. किंमत लपवल्यामुळे तुम्ही घरातल्या एकमेव जाणत्या माणसाशी गाडीबद्दल बोलूच शकत नाही. खरा आकडा सांगा. दोन दिवस बोलतील. तिसऱ्या दिवशी विचारतील, बेल्ट कधी बदलला होता?

सांगलीला नेण्याचं मात्र मनातून काढा. भारतात सेकंड हँड गाडी आणायची तर ती बनल्यापासून तीन वर्षांहून जुनी चालत नाही. तुमची ती मर्यादा २००२ मध्येच संपली. पुण्या-नाशिकहून जे वाचक ‘परदेशातून येताना एखादी सुप्रा आणता येईल का’ असं विचारतात, त्यांनाही हेच उत्तर.

ज्यांनी अजून घेतलेली नाही, त्यांच्यासाठी थोडं. न्यूझीलंडमध्ये नोंदणीकृत व्यापाऱ्याकडून घेतलीत तर कन्झ्युमर गॅरंटीज अ‍ॅक्ट तुमच्या पाठीशी असतो, आणि एक लाख डॉलरपर्यंतच्या तक्रारी मोटर व्हेइकल डिस्प्यूट्स ट्रायब्युनलकडे नेता येतात. खासगी मालकाकडून घेतलीत, जसं आजच्या वाचकाने केलं, तर तो आधार नाही. मग किंमत त्या मानाने कमी पाहिजे, आणि पैसे देण्याआधी गाडीवर कुणाचं कर्ज आहे का ते पीपीएसआर या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत बघून घ्यायचं. दोन कप चहाला लागतात त्याहून कमी पैसे पडतात. गाडी थंड असताना बघायला जा. ‘तुम्ही येणार म्हणून गरम करून ठेवली’ असं मालक म्हणाला, तर पुन्हा दुसऱ्या दिवशी जा. थेट जपानहून मागवणार असाल तर लिलावाचा कागद मूळ जपानीत मागा. त्यावर गाडीचं चित्र असतं आणि डागांची अक्षरं: ‘ए’ ओरखडा, ‘यू’ पोचा, ‘डब्ल्यू’ म्हणजे तिथला पत्रा पूर्वी ठीकठाक केलेला, ‘एस’ गंज. श्रेणीच्या जागी ‘आर’ असेल तर गाडीची मोठी दुरुस्ती झालेली आहे. जहाजाला उशीर झाला तर घाबरू नका. २०१८ च्या फेब्रुवारीत एका वास मारणाऱ्या किड्यापायी गाड्यांनी भरलेली जहाजं इथून परत पाठवली होती. तेव्हापासून किड्यांच्या हंगामात जपानहून येणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत इथले अधिकारी फार कडक आहेत.

आता सवत. ती म्हणते, ‘ईटीसी कादो गा सोन्यू सारेते इमासेन.’ म्हणजे, ईटीसी कार्ड घातलेलं नाही. जपानच्या एक्स्प्रेसवेवर टोल आपोआप कापणाऱ्या यंत्राचं ते कार्ड. मालकाने गाडी विकताना कार्ड काढून घेतलं, यंत्र तसंच राहिलं, आणि पंधराएक वर्षं ती रोज सकाळी तीच तक्रार करतेय. डबी बहुधा ग्लोव्हबॉक्समध्ये किंवा स्टिअरिंगखाली चिकटवलेली असते, पत्त्यांच्या कॅटाएवढी. मागचा एक प्लग काढला की गप्प बसते. बेल्टसाठी गाडी जाईलच, तेव्हा तिथेच काढून घ्या. पण आधी घरी विचारा. आमच्या एमआर२ मधला रेडिओ जपानी, ९० च्या पुढे जायचाच नाही, त्यामुळे इथलं एकच स्टेशन लागायचं, तेही गॉस्पेलचं. ह्यांनी नवा बसवला, तर मलाच चुकल्यासारखं झालं होतं.